कान, कुंचला आणि रानपाखरें

पक्षी दिसण्यापूर्वीं ऐकूं येतो आणि पुरता दिसण्यापूर्वीं उडून जातो. रानांत हिंडणाऱ्या माणसाला ही अडचण फार जुन्या काळापासून माहीत आहे. पानांआडून शीळ येते. मान वर करावी तों फांदी हालत असते आणि पाखरूं नाहींसें झालेलें असतें. अशा चंचल जीवाची ओळख करून घेण्यास मनुष्यानें तीन साधनें वापरलीं. पहिलें साधन कान, दुसरें चित्रकाराचा कुंचला आणि तिसरें बंदूक. बंदुकीनें पक्षी हातीं येई, त्याचें माप घेतां येई, त्याला लॅटिन नांव देतां येई. म्हणून दीर्घकाळपर्यंत शास्त्रज्ञांचा भरंवसा मुख्यतः तिच्यावरच राहिला. परंतु पक्षिज्ञानाचा इतिहास नीट पाहिला, तर असें दिसतें कीं, जिवंत पक्षी कळला तो बहुधा कान आणि कुंचला यांच्यामुळेंच; आणि जेथें या दोहोंची साथ सुटली, तेथें मोठमोठे विद्वानही चकले.

आपल्या देशांत कानाची परंपरा अतिप्राचीन आहे. संगीतशास्त्रकारांनीं सप्तस्वरांची उत्पत्ति सांगतांना मोराला षड्ज, क्रौंचाला मध्यम आणि कोकिळाला पंचम बहाल केला. या वांटणीला भौतिकशास्त्राचा आधार शोधणें व्यर्थ आहे. पण स्वराचें उदाहरण देतांना पक्ष्याचा कंठ आठवावा, इतका तो कंठ त्या लोकांच्या रोजच्या ऐकण्यांतला होता, एवढें त्यावरून निश्चित ठरतें. कोकिळाला संस्कृतांत ‘परभृत’, म्हणजे दुसऱ्यानें पोसलेला, असें नांव आहे. त्याची मादी आपलीं अंडीं कावळ्याच्या घरट्यांत घालते, हें निरीक्षण त्या एका शब्दांत साठविलेलें आहे. वसंतांत कूजन करणारा तो ‘पुंस्कोकिल’, म्हणजे नर, असेंही कालिदासानें कुमारसंभवांत म्हटलें आहे. पुढें मात्र गोड गळा तो स्त्रीचाच, अशा समजुतीनें आपण कोकिळेला गायिका ठरविलें. वस्तुतः गातो तो काळा कुळकुळीत नर. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली मादी नुसती किक्-किक् असा तुटक आवाज काढते. येथें चूक कानाची नव्हे. कानानें दिलेली साक्ष डोळ्यांनीं पडताळून पाहिली गेली नाहीं.

कानाचा एक दोष मात्र खरा. ऐकलेल्या ध्वनींत तो स्वतःच्या मनांतले शब्द घालतो. मृगापूर्वींच्या उकाड्यांत पावशा ओरडूं लागला कीं, महाराष्ट्रांतील शेतकऱ्याला तो ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असें बजावतांना ऐकूं येतो. त्याच पक्ष्याची तीच हांक चढत्या सुरांत रात्रंदिवस कानीं पडूं लागली, तेव्हां हिंदुस्थानांत आलेल्या इंग्रजाला तींत ‘ब्रेन फीव्हर’, म्हणजे मेंदूचा ताप, हे शब्द ऐकूं आले. आणि इंग्रजींत त्या पक्ष्याला तेंच नांव पडलें. एकाला पेरणी आठवली, दुसऱ्याला ज्वर. पक्षी बिचारा आपल्या मादीला आणि आपल्या प्रतिस्पर्ध्याला उद्देशून बोलत होता!

ऐकलेलें आणि पाहिलेलें पडताळण्यासाठीं कागदावर कांहीं तरी टिकाऊ राहिलें पाहिजे, ही गोष्ट मोंगल बादशहा जहांगीर याला उत्तम रीतीनें उमगली होती. त्याची कारकीर्द १६०५ ते १६२७ अशी झाली. १६१२ सालीं त्याचा सरदार मुकर्रबखान हा गोव्याहून कित्येक अपूर्व जिनसा घेऊन आला. त्यांत मूळचा अमेरिकेंतला टर्की पक्षी होता. तो क्षुब्ध झाला म्हणजे त्याच्या डोक्याचे व गळ्याचे रंग कसे पालटतात, हें बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत बारकाईनें नमूद केलें. आपला पणजोबा बाबर यानें प्राण्यांचीं वर्णनें लिहिलीं, परंतु चित्रकारांकडून त्यांचीं चित्रें काढविलीं नाहींत, ही उणीव त्यानें बोलून दाखविली. आणि ऐकण्यानें होणारें आश्चर्य पाहण्यानें द्विगुणित व्हावें, अशा हेतूनें चित्रें काढण्याची आज्ञा दिली. त्याच्या पदरीं एक सारसांची जोडीही होती. तिचीं नांवें लैला आणि मजनू. त्यांचें मीलन, अंडीं घालणें, तीं उबविणें आणि पिलांचें संगोपन या सर्वांची नोंद एखाद्या आधुनिक निरीक्षकाप्रमाणें या बादशहानें ठेविली आहे.

त्याचा चित्रकार उस्ताद मन्सूर. बादशहानें त्याला ‘नादिर-उल्-असर’, म्हणजे युगांतला अद्वितीय, असा किताब दिला होता. मन्सूरनें काढलेलें एका शुभ्र क्रौंचाचें चित्र कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्यें आहे. हा सैबेरियांतून हिंवाळ्यांत आपल्या देशीं येणारा क्रौंच. त्याच्या चेहऱ्यावरील उघडी तांबडी कातडी, लांब चोंच, पायांची ठेवण हीं सारीं त्या चित्रांत इतकीं यथातथ्य उतरलीं आहेत कीं, आजचा अभ्यासक क्षणांत पक्षी ओळखतो. युरोपीय शास्त्रानें या जातीला नांव दिलें तें १७७३ सालीं, पीटर सायमन पॅलास याच्या ग्रंथांत. म्हणजे शास्त्राची लेखणी जेथें पोंचली, तेथें मोंगल दरबारचा कुंचला सुमारें दीडशें वर्षें आधींच जाऊन आला होता.

पॅलासच्या ग्रंथानंतर थोड्याच वर्षांनीं हा उद्योग कलकत्त्यांत नव्या रीतीनें सुरू झाला. तेथील सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर एलिजा इंपे यांच्या पत्नी मेरी इंपे यांनीं आपल्या बागेंत नाना प्रकारचे पशुपक्षी बाळगले होते. १७७७ सालापासून त्यांचीं चित्रें काढण्याचें काम त्यांनीं पाटण्याकडील तीन चित्रकारांवर सोंपविलें. शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास हे ते तिघे. मोंगली कलमाची सूक्ष्मता त्यांच्या हातीं होती आणि पुढ्यांत जिवंत पक्षी होता. मेलेल्या पक्ष्याचे डोळे निस्तेज होतात, चोंचीचे व पायांचे रंग थोड्याच काळांत उडतात, मान कशीही पडते. या चित्रांत तसें झालें नाहीं. फांदीवर नखें रोवून बसण्याची तऱ्हा, पिसांवरील झळाळी, डोळ्यांतील पाणी हीं त्यांत टिकून राहिलीं. इंपे दांपत्य १७८३ सालीं स्वदेशीं निघालें, तेव्हां तीनशेंहून अधिक चित्रें तयार होतीं, आणि त्यांतलीं निम्म्याहून अधिक पक्ष्यांचीं होतीं. इंग्लंडांत जॉन लॅथम या पक्षिशास्त्रज्ञानें त्यांचा उपयोग करून कित्येक भारतीय पक्ष्यांचीं वर्णनें लिहिलीं. हिमालयांतील मोनाल या देखण्या पक्ष्याच्या लॅटिन नांवांत इंपे बाईंचें आडनांव कायमचें गुंफलें गेलें. चित्रकारांच्या वांट्याला तसा मान आला नाहीं. त्यांचीं नांवें कागदाच्या कोपऱ्यांत, फारशी अक्षरांत, तेवढीं राहिलीं.

याच सुमारास इंग्लंडांतील सेलबोर्न नांवाच्या खेड्यांत गिल्बर्ट व्हाइट हा धर्मोपदेशक कानाची साधना करीत होता. चिमणीहूनही लहान, हिरवट पिवळ्या रंगाचे, झाडांच्या शेंड्यांवर किडे वेंचणारे कांहीं पक्षी तेथें उन्हाळ्यांत येत. आपल्याकडे वटवट्या म्हणतात, त्यांचेच हे भाऊबंद. दिसण्यांत ते इतके सारखे कीं, सामान्यतः एकाच जातीचे समजले जात. व्हाइट ऐकत राहिला. एकाची हांक दोनच सुरांची, तीच तीच. दुसऱ्याचें गाणें वरून खालीं ओघळत येणारें. तिसऱ्याचा आवाज थरथरत जाणारा. या सुरांची कधींही अदलाबदल होत नाहीं, हें ध्यानीं येतांच या तीन भिन्न जाती आहेत असा निर्णय त्यानें १७६८ सालीं एका पत्रांत दिला. मग पक्षी हातीं घेऊन ताडून पाहिले, तेव्हां आकारांतले व रंगांतले बारीक भेदही सांपडले. कानानें आधीं सांगितलें, डोळ्यांनीं मागाहून मान्य केलें. व्हाइटचीं पत्रें १७८९ सालीं ग्रंथरूपानें निघालीं आणि आजतागायत वाचलीं जात आहेत.

तथापि एकोणिसाव्या शतकांत जमाना बंदुकीचा आला. १८८५ सालीं राष्ट्रसभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे आपल्या काळचे भारतांतले अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञ होते. त्यांनीं ब्रिटिश म्यूझियमला दिलेल्या संग्रहांत पक्ष्यांचीं साठ हजारांहून अधिक कातडीं होतीं. या परिश्रमाला नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. भारतीय पक्ष्यांच्या वर्गीकरणाचा पाया त्यांवरच रचला गेला. परंतु कातड्याला कंठ नसतो. तो पक्षी पहांटे काय गात होता, पिलांना कसें हांक मारीत होता, हें पेटींतला कापूस भरलेला देह सांगूं शकत नाहीं. याच ह्यूमनीं १८७३ सालीं वर्णिलेल्या एका लहानशा घुबडानें पुढें ही उणीव चांगलीच प्रत्ययास आणून दिली. ती हकीकत ओघानें येईलच.

कंठ साठवून ठेवण्याची युक्ति एडिसनच्या फोनोग्राफनें दिली. १८८९ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं लुडविग कोख नांवाच्या आठ वर्षांच्या मुलाला वडिलांनीं असें यंत्र भेट दिलें. मुलानें मेणाच्या नळकांड्यावर घरांतल्या पिंजऱ्यांतील पक्ष्याचें गाणें उतरवून घेतलें. पक्ष्याच्या गाण्याचें आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें मुद्रण तेंच होय. आणि तो पक्षी कोणता? शामा! काळ्या डोक्याचा, तांबूस पोटाचा, लांब शेंपटीचा हा गवई आपल्या सह्याद्रीच्या दाट झाडींतही राहतो. कोख पुढें नाझी राजवटीच्या जाचामुळें १९३६ सालीं इंग्लंडांत गेला. रानोमाळ जड यंत्रें वाहून नेऊन त्यानें तेथील पक्ष्यांचे आवाज टिपले. त्याच वर्षीं मॅक्स निकोल्सन यांच्यासह त्यानें ग्रामोफोनच्या तबकड्या जोडलेलें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि पुढें बी. बी. सी. च्या रेडिओवरून हे आवाज घरोघरीं पोंचविले. अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर ॲलन यांनीं १९२९ सालीं रानांतील पक्ष्यांचे आवाज बोलपटाच्या फितीवर घेतले होते.

आवाज साठवितां आला. तरी त्याचें वर्णन करतांना ‘गोड’, ‘कर्कश’, ‘घोगरा’ असल्या मोघम शब्दांवरच भागवावें लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत एक यंत्र तयार झालें, तें ध्वनीचें चित्र काढी. काळ आडवा, सुराची उंची उभी, आणि आवाज जितका मोठा तितकी रेषा गडद. जणूं यंत्रानेंच कुंचला हातीं धरला! केंब्रिज येथील विल्यम थॉर्प यांनीं हें यंत्र चॅफिंच या पक्ष्यासाठीं वापरलें आणि १९५४ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जन्मापासून स्वजातीयांचें गाणें ज्यांच्या कानीं पडूं दिलें नाहीं, अशीं पिलें मोठेपणीं गाऊं लागलीं, तेव्हां त्या गाण्याची लांबी साधारण ठीक होती; पण त्यांतले तुकडे, त्यांतली अखेरची तान, हीं कांहींच नीट उतरलीं नव्हतीं. ज्यांनीं वडीलधाऱ्यांचें गाणें ऐकलें, त्यांचें चित्र मात्र पुरतें होतें. गळा जन्मतः मिळतो, पण बंदिश ऐकून शिकावी लागते, हें आपल्याकडील कोणताही गवई सांगेल. पाखरांच्या कित्येक जातींनाही हा गुरुपरंपरेचा नियम लागू आहे, हें या चित्रांनीं दाखवून दिलें.

आतां त्या घुबडाची हकीकत. ह्यूम यांनीं वर्णिलेली जात म्हणजे रानपिंगळा. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानें खानदेशांत सातपुड्याच्या पायथ्याकडे त्याचे कांहीं नमुने मिळविले. त्यांतला शेवटचा १८८४ सालचा. जगांतील सर्व संग्रहालयांत मिळून त्याचीं सातच कातडीं शिल्लक राहिलीं. पुढें रिचर्ड माइनर्ट्झहागन या नांवाजलेल्या इंग्रज कर्नलनें आपल्याला हा पक्षी १९१४ सालीं तापी नदीकांठीं, गुजरातेंतील मांडवीजवळ, मिळाल्याचें नमूद केलें. ही नोंद खोटी होती. संग्रहालयांतील डेव्हिडसनचाच एक नमुना चोरून, तो नव्यानें भरून, त्यावर बनावट चिठ्ठी लावलेली होती, हें पामेला रासमुसेन यांच्या शोधानें १९९० नंतरच्या दशकांत उघडकीस आलें. तोंपर्यंत त्या एका चिठ्ठीनें अनेकांची दिशाभूल केली होती. शोधणाऱ्यांची दुसरी अडचण त्याहून मोठी होती. त्याच मुलुखांत साधा पिंगळा विपुल. दिसण्यांत दोघे जवळचे. आणि रानपिंगळा बोलतो कसा, हें खात्रीनें सांगणारें एकही मुद्रण कोठें नव्हतें. सात कातडीं होतीं, पण सातांपैकीं एकालाही वाचा नव्हती.

अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं, सकाळच्या उजेडांत, रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनीं त्याची खरी भेट झाली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनीं त्याच्या राहणीचा व आवाजांचा अभ्यास केला. साध्या पिंगळ्याचा तो कलकलाट निराळा. रानपिंगळ्याची हांक आंखूड, मऊ, शिळेसारखी. आणि हा पक्षी पुष्कळसा दिवसाउजेडीं वावरणारा! एकदां आवाज हातीं आल्यावर शोधाची पद्धतच पालटली. रानाच्या कडेला उभें राहून मुद्रित हांक थोडा वेळ ऐकवावयाची आणि उत्तराची वाट पाहावयाची. मेळघाटांत आणि मध्य प्रदेशांतील रानांत त्याचीं ठाणीं कळलीं. २०१४ सालीं तर मुंबईपासून फारशा दूर नसलेल्या तानसा अभयारण्यांतही तो आढळला. तेथें तो नव्यानें आला असें मानण्यास कारण नाहीं. माणसाची ओळख तेवढी नवी झाली. अर्थात् या युक्तीलाही मर्यादा आहे. वारंवार खोटी हांक ऐकवली, तर आपल्या हद्दींत परका आला अशा समजुतीनें पक्षी हैराण होतो आणि पिलांकडे दुर्लक्ष करितो. म्हणून जाणते अभ्यासक ती जपून वापरतात.

सालीम अली यांचें भारतीय पक्ष्यांविषयींचें प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १९४१ सालीं निघालें, तेव्हां रंगीत चित्र आणि त्याशेजारीं पक्ष्याची राहणी व त्याचा आवाज अशी जोडी शहरांतील सुशिक्षित घरांना प्रथमच सहज मिळाली. आज तर खिशांतल्या दूरध्वनियंत्राला पक्ष्याचा आवाज ऐकवला असतां तें त्याचें नांव सांगतें. कॉर्नेल विद्यापीठानें २०२१ सालीं अशी सोय सर्वांस खुली केली. तिची रीत मोठी बोधप्रद आहे. तें यंत्र ऐकलेल्या आवाजाचें चित्र करितें आणि तें चित्र साठविलेल्या असंख्य चित्रांशीं ताडून पाहतें. कान आणि कुंचला, हीं दोन जुनीं साधनें तेथें एकत्र आलीं आहेत.

परंतु यंत्र सांगेल तें नांव. ज्याचें नांव सांगावयाचें, तो पक्षी रानांत असला पाहिजे. भवानीदासानें इंपे बाईंसाठीं गुलाबी डोक्याच्या बदकाचें चित्र काढलें होतें. पूर्व भारतांतील पाणथळींचें हें बदक १९३५ नंतर रानांत खात्रीनें कोणाला दिसलेलें नाहीं, आणि त्याच्या आवाजाचें मुद्रण कोठें उपलब्ध नाहीं. त्याचा रंग आपणांस माहीत आहे. सूर कायमचा गेला. मन्सूरच्या शुभ्र क्रौंचाची गोष्टही तशीच दुःखद. राजस्थानांतील भरतपूरच्या पाणथळींत तो दरवर्षीं येत असे. त्याची संख्या घटत घटत एका जोडीवर आली, आणि २००२ नंतर तीही आली नाहीं. चारशें वर्षांपूर्वींचें चित्र कलकत्त्यास सुरक्षित आहे. ज्याचें तें चित्र, त्या पाहुण्याची वाट भरतपुरास बंद पडली आहे.

म्हणून पक्ष्यांचीं गाणीं आणि चित्रें यांकडे केवळ करमणूक म्हणून पाहणें योग्य नव्हे. ज्या पाखराची हांक घरांतल्या माणसांना ओळखतां येते, तें गप्प झालें तर निदान कोणाच्या तरी ध्यानांत येतें. ज्याची ओळखच नाहीं, तें गेल्याचें कोणासही कळत नाहीं. आरंभ करण्यास रानांत जाण्याचीही गरज नाहीं. चैत्र-वैशाखांतील पहांटे, दूधवाला येण्यापूर्वीं, शहरांतल्या एखाद्या गच्चीच्या कठड्यावर किंवा तारेवर काळापांढरा दयाळ येऊन बसतो आणि शेंपटी वर उचलून गाऊं लागतो. तो फ्रँकफुर्टच्या त्या शाम्याचा सख्खा आप्त. घरांतील मुलांनीं खिडकी उघडून आधीं त्याचा सूर ऐकावा, मग त्याला पाहावें, आणि उजाडल्यावर जमेल तसें वहींत त्याचें चित्र काढावें.